स्वतःच्या वॉलेटमधलं ईथर यूएसडीसीमध्ये कसं बदलावं

ईथर ही इथेरियम नेटवर्कवरची क्रिप्टो, तर यूएसडीसी हे स्टेबलकॉइन, म्हणजे भाव एका अमेरिकी डॉलरच्या जवळ राहावा असं बनवलेलं नाणं. माझा मेव्हणा ऐरोलीत नोकरीला आहे. मध्यंतरी एका सकाळी त्याचा ठाणे स्टेशनातून, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरून फोन आला. "दाजी, ईथर बरंच वर गेलंय. सगळं यूएसडीसी करून टाकतो. दिघा गाव यायच्या आत होईल ना?" बटण दाबायला तेवढाही वेळ लागत नाही, पण मी त्याला थांबवलं. संध्याकाळी तो नौपाड्याला घरी आला, चहा झाला, आणि त्याच कामाला आम्हाला पाऊण तास लागला. प्रत्यक्ष स्वॅप, म्हणजे अदलाबदल, एका मिनिटात झाला. बाकी सगळा वेळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना गेला. त्या गोष्टी इथे क्रमाने लिहितो आहे.

उदाहरण ईथरचं घेतलं आहे, वॉलेट (क्रिप्टोची चावी तुमच्याच हातात ठेवणारं ॲप) मेटामास्कचं. दुसरं वॉलेट असेल तर बटणांची नावं थोडी बदलतील, क्रम हाच राहील. तुमच्याकडे मूळ बिटकॉइन असेल तर मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण बिटकॉइनचं नेटवर्कच वेगळं आहे.

पहिली पायरी: डॉलर हवेत की रुपये, हे ठरवा

मेव्हण्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्याला घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा असता, तर यूएसडीसीच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. ईथर थेट एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, पाठवून रुपयांत विकणं सरळ पडतं. आधी स्टेबलकॉइन आणि मग रुपये असं केलं तर दोन व्यवहार होतात, दोनदा शुल्क जातं आणि कराच्या हिशेबात दोन नोंदी वाढतात. स्टेबलकॉइन त्याच्यासाठी, ज्याला क्रिप्टोतच राहायचं आहे पण काही काळ भावाच्या चढउतारातून बाहेर पडायचं आहे. मेव्हण्याचं तसंच होतं.

दुसरा मुद्दा कराचा, आणि इथे फार लोक फसतात. "मी विकलं कुठे? नुसतं बदललं," असं समजून चालू नका. आपल्याकडे एका क्रिप्टोच्या बदल्यात दुसरी घेणं हेही हस्तांतरणच आहे. एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. समजा, 75,000 रुपयांना घेतलेलं ईथर तुम्ही 1,20,000 रुपये किंमत असताना यूएसडीसीत बदललं. नफा 45,000, त्यावर कर 13,500, उपकर धरून 14,040 रुपये. हातात एक रुपयाही आलेला नसतो, तरी देणं लागू होतं. खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही, गॅसचा, म्हणजे नेटवर्कला द्यायच्या शुल्काचासुद्धा नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातूनही वळता होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएसही आहे. एक्स्चेंजवर तो एक्स्चेंज कापतं, वॉलेटमध्ये कापणारं कुणीच नसतं. अदलाबदलीच्या व्यवहारालाही ही तरतूद लागू आहे, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर स्वॅप करण्याआधी सीएला फोन करा.

दुसरी पायरी: बारा शब्द हाताशी आहेत का, ते पाहा

एक्स्चेंजवर पासवर्ड विसरलात तर ग्राहक सेवा असते. स्वतःच्या वॉलेटचं तसं नाही. त्याची चावी म्हणजे सीड फ्रेज, बहुतेक वॉलेटमध्ये बारा इंग्रजी शब्द, 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले. मोबाइल लोकलमध्ये हरवला तरी या शब्दांवर नव्या फोनमध्ये वॉलेट परत उभं करता येतं. शब्द हरवले आणि फोनही गेला, तर विषय संपला.

शब्द कागदावर पेन्सिलने लिहा, क्रमांकासकट. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका, ड्राइव्हमध्ये टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातला कागद ओला होतो, बुरशी धरतो. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवा. लॅमिनेट करायला झेरॉक्सच्या दुकानात मात्र नेऊ नका. तिथे तो कागद दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात असतो, तेवढा वेळ पुरतो.

स्वॅप करताना हे शब्द कधीच लागत नाहीत. कुठल्याही पानाने, ॲपने किंवा "सपोर्ट"वाल्याने ते मागितले तर ती चोरी आहे. इथे दुसरी शक्यता नाही.

तिसरी पायरी: कुठलं नाणं, कुठल्या नेटवर्कवर

यूएसडीटी 2014 पासून आहे, टेथर कंपनीचं. यूएसडीसी सर्कलचं, 2018 चं. डाय हे तिसरं. ते बँकेतल्या डॉलरपेक्षा जास्त करून तारण ठेवलेल्या क्रिप्टोच्या आधारावर उभं राहिलं. "स्टेबल" हे नाव आहे, हमी नाही. मे 2022 मध्ये टेरायूएसडी कोसळलं, ते पुन्हा उठलंच नाही. यूएसडीसीसुद्धा मार्च 2023 मध्ये काही काळ 88 सेंटच्या आसपास घसरलं होतं, कारण सर्कलचे 3.3 अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना पैसे मिळतील असं जाहीर केल्यावर ते दोन-तीन दिवसांत सावरलं. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: यूएसडीसी आणि यूएसडीटी देणाऱ्या कंपन्या एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकतात. वॉलेटची चावी तुमची असली तरी हा अधिकार त्यांच्याकडे राहतो.

मी यूएसडीसी सुचवलं, कारण त्यामागे काय ठेवलं आहे याचा हिशेब वाचायला मिळतो. हे माझं मत आहे.

नेटवर्कची बाब अधिक नाजूक. तेच यूएसडीसी इथेरियमवर असतं, बेसवर असतं, आर्बिट्रमवर, पॉलिगॉनवर असतं. ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी आणि पनवेलला जाणारी गाडी एकाच फलाटावरून सुटतात, पण चुकीच्या गाडीत बसलात तर उतरणार भलतीकडेच. तुमचं ईथर ज्या नेटवर्कवर आहे, स्वॅपही त्याच नेटवर्कवर करा. आर्बिट्रम आणि पॉलिगॉनवर "यूएसडीसी डॉट ई" असंही एक टोकन दिसेल. ते पुलावरून (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सेवेतून) आणलेलं जुनं रूप आहे. एक्स्चेंजवर जमा करताना त्यावरून अडचण येऊ शकते. साधं, सर्कलने थेट त्या नेटवर्कवर काढलेलं यूएसडीसी घ्या.

खोट्या टोकनचाही धोका आहे. यूएसडीसी नावाचं टोकन कुणीही बनवू शकतो, चिन्हही तेच लावू शकतो. खरं टोकन ओळखायचं ते कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमच्या, पत्त्यावरून. तो सर्कलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला असतो. तिथून घ्या आणि वॉलेटमध्ये दिसणाऱ्या पत्त्याशी जुळवा. पहिले चार आणि शेवटचे चार अक्षर-अंक बघून समाधान मानू नका, सगळा पत्ता जुळवा.

चौथी पायरी: गॅस शिल्लक ठेवा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2023 च्या दिवाळीत मी "मॅक्स" दाबून जवळपास सगळं ईथर यूएसडीसीत बदललं. स्वॅप सुरळीत झाला. चार दिवसांनी यूएसडीसी दुसरीकडे पाठवायला गेलो तर वॉलेट म्हणालं, गॅससाठी ईथर नाही. वॉलेटमध्ये यूएसडीसी समोर दिसत होतं, पण हलवता येत नव्हतं. मग एक्स्चेंजवर थोडं ईथर विकत घ्यावं लागलं, ते बाहेर काढण्याचं शुल्क भरावं लागलं, आणि काढण्याची किमान मर्यादा होती म्हणून गरजेपेक्षा जास्तच घ्यावं लागलं.

गॅसचा हिशेब अवघड नाही. साधं ईथर पाठवायला 21,000 एकक गॅस लागतो, स्वॅपला साधारण दीड लाख एकक धरा. दर ग्वेईमध्ये असतो, आणि एक ग्वेई म्हणजे एका ईथरचा अब्जावा भाग. दर 2 ग्वेई असताना स्वॅपला 0.0003 ईथर लागेल, 30 ग्वेई असताना 0.0045. काम तेच, खर्च पंधरापट. म्हणून घाई नसेल तर दर उतरलेला असताना करा. बेस किंवा आर्बिट्रमवर हा खर्च खूपच कमी असतो. पुढच्या तीन-चार व्यवहारांना पुरेल एवढं ईथर मागे ठेवूनच रक्कम भरा.

पाचवी पायरी: स्वॅप

स्टेशनच्या किंवा कॅफेच्या फुकट वायफायवर हे काम करू नका, गर्दीत उभ्याने तर नकोच. वॉलेटच्या आतलंच स्वॅप वापरा किंवा युनिस्वॅपसारख्या अदलाबदलीच्या संकेतस्थळाला वॉलेट जोडा. दुसरा मार्ग घेतलात तर पत्ता स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. गुगलवर शोधून वर येणाऱ्या जाहिरातीवर दाबू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं तिथेच भेटतात.

रक्कम भरली की भाव येतो. इथे आम्ही मेव्हण्याच्या फोनवर एकेक ओळ बोट ठेवून वाचली. किती यूएसडीसी मिळणार, कमीत कमी किती मिळणार, नेटवर्कचं शुल्क किती, सेवेचं शुल्क किती. मेटामास्क आपल्या स्वॅपवर 0.875 टक्के घेतं आणि ते दाखवलेल्या भावातच धरलेलं असतं. म्हणून दोन ठिकाणी भाव बघा. भाजी घेताना आपण दोन गाड्या फिरतोच.

स्लिपेज म्हणजे भाव दिसला त्या क्षणापासून व्यवहार पूर्ण होईपर्यंत भाव किती घसरलेला तुम्हाला चालेल. 0.5 टक्के ठेवलंत आणि 1,000 यूएसडीसी दिसत असतील, तर 995 पेक्षा कमी मिळणार असल्यास व्यवहार रद्द होईल. ईथर आणि यूएसडीसीच्या जोडीत उलाढाल मोठी असते, त्यामुळे एवढं पुरतं. "व्यवहार अडकतोय, स्लिपेज 5 टक्के करा" असा सल्ला मिळेल, ऐकू नका. जास्त स्लिपेज दिसलं की तुमच्या पुढे-मागे आपले व्यवहार घुसवून मधला फरक खाणारे बॉट टपलेले असतात.

मूळ ईथर देताना वेगळी परवानगी लागत नाही. पण रॅप्ड ईथर किंवा रॅप्ड बिटकॉइनसारखं टोकन (मूळ नाण्याच्या बदल्यात काढलेलं, त्याच किमतीचं) देत असाल तर आधी "ॲप्रूव्ह" येईल, म्हणजे समोरच्या कॉन्ट्रॅक्टला तुमचं टोकन उचलायची मुभा. तिथे अमर्याद परवानगी सुचवलेली असते. ती खोडून तेवढ्याच स्वॅपपुरता आकडा लिहा. काम झाल्यावर उरलेल्या जुन्या परवानग्या इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून काढून टाका. त्यालाही थोडा गॅस लागतो, तो जाऊ द्या.

मग कन्फर्म. इथेरियमवर दर 12 सेकंदांनी ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, बनतो, त्यामुळे बहुतेक वेळा मिनिटाच्या आत काम होतं. लांबलं तर पुन्हा नवा स्वॅप करू नका. आहे त्याच व्यवहारावर "स्पीड अप" किंवा "कॅन्सल" असतं. व्यवहार फसला तर ईथर तुमच्याकडेच राहतं, गॅस मात्र जातो.

सहावी पायरी: वही

स्वॅप झाल्या झाल्या मेव्हण्याने फोन खिशात टाकला. मी वही पुढे केली. तारीख आणि वेळ, किती ईथर दिलं, ते केव्हा आणि किती रुपयांना घेतलं होतं, किती यूएसडीसी मिळालं, त्या वेळची रुपयांतली किंमत, गॅस, आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक. विवरणपत्रात शेड्यूल व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता, भरताना खरेदीची तारीख, विक्रीची तारीख आणि दोन्ही किमती लागतात. वर्षभराने त्या दिवशीचा भाव शोधत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे. यूएसडीसी मिळालं तेव्हाची रुपयांतली किंमत हीच त्याची खरेदी किंमत. पुढे ते विकाल तेव्हा डॉलर वधारलेला असेल तर त्या फरकावरही कर लागेल.

पुढचे काही दिवस वॉलेटमध्ये अनोळखी पत्त्यांवरून शून्य किंवा चिल्लर रकमेचे व्यवहार येऊ शकतात. तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता इतिहासात घुसवायचा आणि तुम्ही तोच कॉपी कराल याची वाट पाहायची, असा तो डाव असतो. इतिहासातून पत्ता उचलू नका.

रुपये करायची वेळ आली तर

वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं एक्स्चेंज निवडा. तिथे यूएसडीसी जमा करायचा पत्ता घेताना नेटवर्क तेच निवडा, जे वॉलेटमध्ये आहे. आधी 10 यूएसडीसी पाठवा, ते जमा झालेलं दिसलं की मगच बाकीचं. टेलिग्रामवर भेटलेल्या अनोळखी माणसाला परस्पर विकून जास्त भाव घ्यायच्या मोहात पडू नका. त्याने पाठवलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले निघाले, तर पोलिसांच्या पत्रावरून बँक तुमचं खातं गोठवते आणि ते सोडवायला महिनोन् महिने जातात. तुमचीच फसवणूक झाली तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

विक्रीवर कापलेला 1 टक्का टीडीएस प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या विवरणात दिसतो. विवरणपत्र भरण्याआधी तो वहीतल्या नोंदींशी जुळवून घ्या.