उलाळ झालेली रबर बोट समतोलात कशी आणावी

बैलगाडीत उसाच्या मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैल कितीही चांगले असले तरी त्यांचा जोर वाया जातो, हे कोल्हापूर भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मागे इंजिन लावलेल्या रबर बोटीचेही हेच दुखणे असते. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी त्याच्याजवळ, असल्यास बॅटरीही तिथेच आणि चालवणाराही हवा भरलेल्या मागच्याच नळीवर बसलेला, असा सगळा भार शेवटच्या तीन-चार फुटांत गोळा होतो. मग ॲक्सिलरेटर पिळला की बोटीचे नाक आभाळाकडे जाते, चालवणाऱ्याला पुढचे पाणी दिसत नाही, मागची फळी खोल बसते आणि वेग कमी करताच मागून आलेली स्वतःचीच लाट आत शिरते.

आम्ही काही जण पुराच्या काळात मदतीसाठी बोट चालवतो आणि उरलेल्या वर्षात पंचगंगेच्या संथ पाण्यात सराव करतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जिल्ह्यातील नदीकाठच्या कितीतरी गावांत रबर बोटी आल्या, पण बोट मिळणे आणि ती नीट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील सूचना साधारण चार मीटर लांबीच्या, २५ ते ३० अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या, हाताने वळवायच्या दांड्याच्या बोटीसाठी आहेत. माझे ठाम मत असे की, आधी हवा आणि भार यांची जागा दुरुस्त करावी, मग इंजिनाचा कोन व उंची पाहावी आणि पैसे खर्च करून काही बसवायचे असेल तर ते सर्वात शेवटी बसवावे. बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही.

सुरुवात हवेपासून करावी. नळ्या मऊ असतील तर बोट मध्यभागी बिजागरीसारखी वाकते, इंजिनाच्या जोराने मागचा भाग खाली दबतो आणि पुढचा वर येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की भारच जास्त झाला आहे. अनेक बोटींच्या नळ्यांचा दाब ०.२५ बार, म्हणजे सुमारे ३.६ पीएसआय असतो, तर हवेने फुगणाऱ्या तळाचा दाब पुष्कळ जास्त, अनेकदा ०.८ बार असतो. आपल्या बोटीचा आकडा तिच्यावर लावलेल्या माहितीच्या पट्टीवर किंवा झडपेजवळ लिहिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची सवय सोडावी आणि दाबमापक वापरावा. येथे एक गोष्ट हमखास निसटते. मे महिन्यात घाटावर उन्हात फुगवलेल्या नळीतली हवा ४० अंशांपर्यंत तापलेली असते आणि नदीचे पाणी २५ अंशांच्या आसपास असते. तापमान एका अंशाने उतरले की नळीतला दाब साधारण चार मिलिबारने उतरतो, म्हणजे १५ अंशांच्या फरकाने २५० मिलिबारपैकी (म्हणजे ०.२५ बारपैकी) सुमारे ६० मिलिबार दाब नाहीसा होतो. काठावर टणक वाटलेली बोट पाण्यात चौथा हिस्सा दाब गमावून बसते. म्हणून बोट पाण्यात उतरवून दहा मिनिटे थांबावे, पुन्हा दाब मोजावा आणि कमी झालेली हवा तेव्हा भरावी. परत येऊन बोट उन्हात काठावर ओढली तर मात्र तीच हवा थोडी काढावी, नाहीतर शिवणींवर ताण येतो.

त्यानंतर बोटीतले पाणी पाहावे. मागच्या फळीपाशी एक मीटर लांब व १.२ मीटर रुंद जागेत पाच सेंटिमीटर पाणी साठले तर ते ६० लिटर, म्हणजे ६० किलो होते; जणू आणखी एक माणूस नको त्या जागी बसवला. नाक वर झाले की आतले सगळे पाणी मागे धावते आणि बोट अधिकच बसते. पुराच्या पाण्यातला गाळ व उसाचा पाला पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेत अडकतो, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर ती झडप बोटाने साफ करावी, आणि तळाच्या फळ्यांखाली पाणी साठले आहे का तेही बघावे.

आता भाराचा हिशेब करू. किलो आणि अंतर यांचा गुणाकार हाच येथे खरा आकडा असतो. ७० किलोचे इंजिन बोटीच्या मध्यापासून दोन मीटर मागे असेल तर त्याचा ओढा १४० होतो. २४ लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे १८ किलो पेट्रोल असते आणि टाकीसह तो भार २१ किलोच्या आसपास जातो. ही टाकी दोन मीटर पुढे नेली की ४२ चा फरक पडतो. १२ किलोची बॅटरी तेवढीच पुढे नेली तर २४, आणि ७० किलोचा चालक अर्धा मीटर पुढे बसला तर ३५. तिन्ही मिळून १०१ झाले, म्हणजे एक रुपयाचे पेट्रोलही न जाळता इंजिनाच्या ओढ्याचा मोठा हिस्सा भरून निघाला. हातदोरीने सुरू होणाऱ्या इंजिनाला बॅटरी नसते, तिथे तेवढे नांगर, दोर आणि पाणी उपसण्याची बादली पुढे न्यावी.

टाकी पुढे नेताना मात्र पेट्रोलच्या नळीकडे फार लक्ष द्यावे लागते. आमच्याकडे पहिल्यांदा टाकी पुढे नेली तेव्हा लांब नळी तशीच तळावर पसरून ठेवली होती. नदीच्या मध्यावर एका सोबत्याचा गुडघा नळीवर टेकला, ती चेपली, आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडले. पेट्रोल इंजिनाकडे ढकलण्यासाठी नळीत असलेला, हाताने दाबायचा रबरी फुगा पिचकलेला होता आणि कितीही दाबला तरी घट्ट होत नव्हता. प्रवाह मंद होता म्हणून निभावले. आता पेट्रोलची नळी एका बाजूच्या हवेच्या मोठ्या नळीला लागून, पट्ट्यांखालून नेलेली असते, कुठेही तीव्र वळण नसते, आणि रबरी फुगा इंजिनाजवळच, बाणाची दिशा इंजिनाकडे ठेवून लावलेला असतो. लांबी वाढवताना मूळ नळीपेक्षा बारीक नळी कधीही घेऊ नये, जोडावर चांगल्या क्लिपा लावाव्यात, आणि टाकी पट्ट्याने अशी बांधावी की बोट आपटली तरी ती बोटभरही सरकणार नाही. बॅटरी पुढे नेल्यास वायर लांबते, म्हणून ती अधिक जाडीची घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टर मरगळतो.

चालकाला पुढे आणण्यासाठी दांड्याला लांबी जोडणारा नळकांड्याचा तुकडा मिळतो. तो घ्यावा, पण दांड्यावर घट्ट बसतो का, पूर्ण वळवताना छातीला अडतो का, हे काठावरच तपासावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी पुढे बसल्यावरही मनगटाला किंवा जॅकेटला अडकलेली राहिलीच पाहिजे.

मदतीच्या बोटीचा खरा पेच येथून पुढे सुरू होतो, कारण ती एका भाराने जाते आणि दुसऱ्याच भाराने येते. जाताना दोघेच असतात व बोट उलाळ असते. येताना आठ माणसे, बोचकी, कधी एखादे करडू, आणि मग तीच बोट पुढे जड होऊ शकते. रिकाम्या बोटीसाठी पुढे कायमचे वजन बांधले तर परतीला ते वजन माणसाची जागा खाते. यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. २० लिटरचे पिण्याच्या पाण्याचे तीन-चार कॅन जाताना नाकाजवळ तळावर बांधून न्यावेत. वाळूची पोती बोट उलटल्यास तिला खाली ओढतात, तसे हे कॅन ओढत नाहीत, आणि सगळीकडे पाणीच पाणी असूनही पिण्याचे पाणी संपलेल्या घरात ते उतरवून देता येतात. वजन तिथे राहते आणि त्याच्या जागी माणसे येतात.

माणसे बसवण्याचा क्रमही चालकाने ठरवावा, माणसांवर सोडू नये. घाबरलेला माणूस बोटीत आला की चालकाजवळ, म्हणजे नेमका मागे, चिकटून बसतो. तेव्हा त्याच्यावर ओरडून काही होत नाही. “आजी, तुम्ही हितं मधे खाली बसा, बोचकं पुढं द्या,” असे शांतपणे सांगून, हात धरून बसवावे लागते. सर्वांनी तळावर बसावे. वेग घेताना पुढच्या नळीवर कोणालाही बसू देऊ नये, कारण तिथून पडलेला माणूस बोटीच्या खालून थेट इंजिनाच्या पंख्याकडे जातो. आणि भार कितीही नीट वाटला तरी पट्टीवर लिहिलेली माणसांची व किलोंची मर्यादा त्याने वाढत नाही.

भाराची जागा बसली की इंजिनाकडे वळावे. इंजिन ज्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, लटकते तिथल्या कंसात चार-पाच भोके व एक आडवी खीळ असते. खीळ फळीकडच्या भोकात घातली की इंजिनाचा पाय आत येतो, पंखा पाण्याला किंचित खालच्या दिशेने ढकलतो, मागचा भाग उचलला जातो आणि नाक खाली बसते. उलाळ बोटीत एक भोक आत घ्यावे आणि चालवून पाहावे. नाक खाली-वर आपटत राहत असेल, तर त्यावरही बहुधा हाच उपाय लागू पडतो. पण अतिरेक केला तर नाक पाण्यात रुतते, दांडा जड होतो आणि वळताना बोट अचानक एका बाजूला ओढली जाते. तसे जाणवताच एक भोक परत यावे.

उंची मोजण्यासाठी एक सरळ लाकडी पट्टी बोटीच्या तळाला लावून मागे इंजिनाच्या पायापर्यंत धरावी. पंख्याच्या वर जी रुंद आडवी पाती असते, ती या पट्टीच्या रेषेत किंवा तिच्या खाली २५ मिलिमीटरपर्यंत असावी. त्याहून खोल असेल तर ओढ वाढते, पाण्याचे फवारे आत येतात आणि पंख्याचा जोर इतक्या खालून लागतो की नाक आणखी उचलले जाते. अशा वेळी इंजिन व फळी यांच्यामध्ये टिकाऊ लाकडाची चीप घालून उंची वाढवता येते, मात्र कंसाचे स्क्रू पूर्ण पकड घेतात का आणि इंजिनाला सुरक्षेची साखळी आहे का, हे पाहिल्याशिवाय ते करू नये. फार उंच झाले तर वळणावर पंखा हवा ओढतो. आवाज एकदम चढतो आणि बोट पुढे जात नाही, यावरून ते ओळखू येते.

पंख्याबाबत कोल्हापूरची एक वेगळी अडचण आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहोत, आणि दर १०० मीटरमागे साध्या इंजिनाची ताकद साधारण एका टक्क्याने घटते. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर नीट चाललेल्या इंजिन-पंख्याच्या जोडीची पाच-साडेपाच टक्के ताकद येथे कमी पडते, आणि नाक वर करून बसलेल्या बोटीला पाण्यावर चढायला नेमकी तेवढीच कमी पडते. पूर्ण पिळल्यावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत येतात का ते मोजावे. प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा फेरेमापक त्यासाठी पुरतो. फेरे कमी पडत असतील तर एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, पंखा लावावा. त्याने साधारण २०० फेरे वाढतात. तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा मागचा भाग अधिक उचलतो, पण सर्वोच्च वेग थोडा घटतो. मदतीच्या बोटीला तो सौदा परवडतो.

इंजिनाच्या त्या आडव्या पातीवर बसवायचे पंखासारखे प्लास्टिकचे तुकडेही मिळतात. ते मागचा भाग उचलतात हे खरे आहे, आणि तलावात किंवा धरणाच्या मोकळ्या पाण्यात फिरणाऱ्यांनी ते जरूर वापरावेत. पुराच्या पाण्यासाठी मी ते सुचवत नाही. केंदाळ (जलपर्णी), उसाचा पाला, तुटलेल्या वायरी आणि कुंपणाच्या तारा अडकायला ती आणखी एक जागा होते, आणि ते बसवण्यासाठी पातीला पाडलेली भोके परत बुजत नाहीत.

चाचणी घेताना एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही. टाकी नेहमी अर्धी भरलेली ठेवावी, तेवढीच माणसे घ्यावीत, फोनवरील जीपीएसने एकदा प्रवाहाविरुद्ध व एकदा प्रवाहाबरोबर वेग मोजून सरासरी काढावी, आणि ॲक्सिलरेटर पिळल्यापासून नाक खाली येऊन बोट पाण्यावर तरंगत धावू लागेपर्यंत किती सेकंद लागले ते वहीत लिहावे. हा सेकंदांचा आकडाच सर्वात खरे बोलतो. सराव पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापासून पुरेसा लांब, वरच्या बाजूच्या फुगवट्यात, बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवलेले असताना करावा. बर्गे काढल्यावर बंधाऱ्याच्या गाळ्यांकडे पाणी ओढू लागते आणि बंद पडलेल्या इंजिनाला तिथे दुसरी संधी मिळत नाही. समोरून जोराचा वारा असेल त्या दिवशी रिकामी उलाळ बोट पिळू नये, कारण उचललेल्या नाकाखाली वारा शिरून ती मागे उलटू शकते.

योग्य जागा सापडल्या की त्या बोटीच्या तळावर पक्क्या रंगाने आखून ठेवाव्यात: टाकीचा चौकोन, कॅनची जागा, चालकाच्या बसण्याची रेषा, आणि इंजिनाच्या कंसावर योग्य भोकाशेजारी एक ठिपका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढत असते, तेव्हा बहुधा रात्र असते, पाऊस असतो, आणि बोट बांधणारे हात सरावातले असतीलच असे नाही. टॉर्चच्या उजेडात त्या रेषा दिसल्या की टाकी तिच्या चौकोनात जाते आणि खीळ ठिपक्याशेजारच्या भोकात बसते.