बाल-ॲलर्जीच्या संशोधनासाठी निवासी डॉक्टर कसा तयार करावा

एमडी बालरोगाला आलेल्या निवासी डॉक्टरला प्रबंधाचा विषय लगेच देऊ नका. आधी दोन आठवडे ओपीडीत वही घेऊन बसवा. काम एकच, आई मुलाचा त्रास ज्या शब्दांत सांगते ते शब्द जसेच्या तसे उतरवायचे. सोलापुरात याला फार महत्त्व आहे. ‘घरघर’ म्हणजे कुणाच्या घरी छातीतली शिट्टी, तर कुणाच्या घरी चोंदलेलं नाक. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत छातीच्या आवाजाला ‘पिल्लीकूतलु’ म्हणतात, म्हणजे मांजराचं ओरडणं. अक्कलकोटकडची आई कानडीत सांगेल. इंग्रजी प्रश्नावली नुसती मराठीत उतरवून वाटली की नाकाचे पेशंट दम्यात मोजले जातात आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. भाषांतर एकाने करावं, उलट भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने, आणि मग दहा आयांना विचारून पाहावं.

त्यानंतर हात बसवायचा. स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचून ॲलर्जी तपासणं, दिसायला सोपी असते, म्हणूनच ती ढिसाळपणे केली जाते. संमती दिलेल्या निरोगी सहकाऱ्याच्या दोन्ही हातांवर, कोपर ते मनगट आतल्या बाजूने, आलटून-पालटून 10 हिस्टामिनचे (याला गांध उठायलाच हवी) आणि 10 सलाइनचे (मिठाचं पाणी, याला उठायला नको) टोचे द्यायला लावा. दोन टोच्यांत किमान 2 सेंमी अंतर, प्रत्येक टोच्याला नवं लॅन्सेट (टोचायची बारीक सुई). 15 मिनिटांनी गांधीची कड बारीक पेनने आखून घ्यावी, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती आकृती वहीत उतरवावी. सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, दोन्हींची सरासरी. हिस्टामिनच्या दहा आकड्यांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी 30 टक्क्यांच्या आत हवं. सरासरी 6 मिमी आणि विचलन 1.2 असेल तर 20 टक्के, हात चालेल. सलाइनची प्रत्येक गांध 3 मिमीपेक्षा लहानच हवी. रक्त आलं तर दाब जास्त पडतोय असं समजा.

मुलावर टेस्ट करण्यापूर्वी अँटीहिस्टामिन (गांध दाबून टाकणारं ॲलर्जीचं औषध) 7 दिवस बंद हवं. ‘औषध चालू नाही’ असं पालक मनापासून सांगतात, पण सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन हे अँटीहिस्टामिनच असतं. बाटली आणायला सांगा आणि लेबल स्वतः वाचा. हिस्टामिनलाच गांध उठली नाही तर त्या दिवशीची टेस्ट रद्द. दमा आटोक्यात नसेल तर पुढची तारीख द्या. अ‍ॅड्रेनॅलिन (1 मिलीत 1 मिग्रॅ) ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यासाठी हाताशी हवं. 20 किलोच्या मुलाला 0.2 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लहान मुलांत कमाल 0.3 मिली. वजन आणि डोस टोचण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, घाईत दशांश चिन्ह चुकतं.

सलाइनपेक्षा 3 मिमी किंवा जास्त मोठी गांध म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह. इथे नवशिका हमखास घसरतो. शेंगदाण्याला गांध उठली, पण मूल रोज शेंगाचटणी-भाकरी मजेत खातंय, तर ते फक्त संवेदनशील आहे, त्याला ॲलर्जी नाही. त्याचा शेंगदाणा बंद करणं म्हणजे नुकसान करणं. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) जंतांमुळेही वाढतं, तेव्हा त्या आकड्यावर निदान उभं करू नये.

प्रतिकारशक्तीच्या तपासणीचे नमुने मुंबई-पुण्याला पाठवताना फ्लो सायटोमेट्रीचं (पेशींचे प्रकार मोजण्याच्या तपासणीचं) रक्त ईडीटीएत, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत, खोलीच्या तापमानाला ठेवा. बर्फ नको. मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर असतो. बसच्या डिकीत ठेवलेल्या डब्यात पेशी मरतात. थर्माकोलचा डबा, रात्रीचा प्रवास, आणि 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोच. शनिवारी नमुना काढूच नका, रविवारी तो घ्यायला कुणी नसतं.

एथिक्स समितीची मंजुरी पहिल्या टोच्याआधी मिळालेली हवी. पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, त्यापुढे 18 पर्यंत लेखी.

गाईडने आठवड्यातला एक अर्धा दिवस वॉर्डातून मोकळा द्यायलाच हवा, आणि त्या वेळेत फोन दुसऱ्याने घ्यावा. हे जमलं नाही तर आकडे महिनोन्‌महिने भरायचे राहतात आणि चुका शोधायला मूल पुन्हा भेटत नाही. ज्याला यातच पुढे जायचं आहे त्याने चंदीगडच्या पीजीआयमधल्या बाल-इम्युनॉलॉजीच्या (मुलांच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राच्या) डीएमची, म्हणजे एमडीनंतरच्या पदवीची, तयारी दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावी.