पोया मधमाशीची जात नोंदवताना या चुका टाळा

भिंतीच्या भेगेतून बाहेर आलेली राळेची चिंचोळी नळी आणि तिच्या तोंडाशी तीन-चार मिलिमीटरच्या काळपट माश्या दिसल्या, की पोयाची, म्हणजे डंखहीन मधमाशीची, वसाहत ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चुका होतात त्या पुढे, जात लिहिताना.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथने १८५४ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून 'ट्रायगोना इरिडिपेनिस' या पोयाच्या जातीचं वर्णन केलं. हेच नाव आजही अनेक मधपेट्यांवर दिसतं. आता ती जात 'टेट्रागोन्युला' या गटात मोडते. ट्रायगोना हे नाव अमेरिका खंडातल्या माश्यांपुरतंच उरलं, कारण जनुकीय अभ्यासात आशियातली शाखा निराळी ठरली. जुन्या नावाने माहिती शोधली तर ब्राझीलच्या माश्यांचे गुण कोकणातल्या पेटीला चिकटवले जातात.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसली पोया की 'इरिडिपेनिस' लिहून मोकळं होणं. २०१३ च्या एका आढाव्यात भारतीय उपखंडातल्या डंखहीन माश्यांच्या आठ जाती मोजल्या होत्या. नंतर केरळमधून नव्या जातींची भर पडली. 'लिसोट्रायगोना' या दुसऱ्या गटातली, १९०७ मध्ये मध्य भारतातून वर्णन झालेली जात तर याहून बारीक. टेट्रागोन्युलाच्या जाती वेगळ्या करायच्या त्या पाठीवरच्या केसांच्या पट्ट्यांवरून, आणि खात्री पटते ती नराच्या जननांगांवरून. मोबाइलच्या फोटोत यातलं काही धड दिसत नाही. मधाचा आंबटपणा किंवा नळीची लांबी तर पुरावाच नव्हे. एकाच जातीच्या दोन वसाहतींतही नळी वेगवेगळी असते.

प्रसाराचे नकाशे याच सवयीमुळे बिघडतात. पूर्वी आग्नेय आशियातल्या माश्याही 'इरिडिपेनिस' याच नावाखाली नोंदल्या गेल्या, म्हणून जुना ठिपका नमुना पाहिल्याशिवाय उचलू नका. शिवाय वसाहत नैसर्गिक की विकत आणलेली, हे मालकाला आवर्जून विचारा. केरळहून आलेली पेटी सिंधुदुर्गात ठेवली, तर तिच्यावरून तिथली मूळ जात ठरत नाही. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे कितीतरी चांगल्या नोंदी वाया जातात, याचं फार वाईट वाटतं.

नळीच्या तोंडाशी पाच-सहा कामकरी माश्या अल्कोहोलमध्ये घ्या. बाहेर घोंगावणारे नर मिळाले तर फारच उत्तम. चिठ्ठीवर गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि घरटं झाडात की भिंतीत, हे लिहा. तपासणी होईपर्यंत नावाच्या रकान्यात 'टेट्रागोन्युला, जात अनिश्चित' एवढंच ठेवा.