300झेडएक्स ट्विन टर्बो: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

निस्सानच्या 300झेडएक्सचं (कंपनीचा मॉडेल कोड झेड32) बॉनेट पहिल्यांदा उघडलं की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. तीन लिटरचा व्ही6, दोन टर्बो, दोन इंटरकूलर आणि पाना फिरवायला जागा जवळजवळ नाहीच. माझी 1991 ची ट्विन टर्बो आहे, मॅन्युअल. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला गराजमध्ये तिचं बहुतेक काम मीच करतो. इकडची आपली काही पोरं हल्ली याच गाडीच्या मागे लागलीयत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बूस्ट कंट्रोलर (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवायचं यंत्र) कुठला घेऊ? अरे, थांब जरा. इंजिन एकदा उघडल्यावर काय काय उरकून घ्यायचं, ते आधी ठरव.

त्याआधी गाडी कुठली ते बघा. अमेरिकेत ट्विन टर्बो फक्त दोन सीटच्या गाडीत आली. मागे छोट्या सीट असलेली 2+2 बिनटर्बोची, 222 हॉर्सपॉवरची. बिनटर्बोचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 10.5, ट्विन टर्बोचं 8.5. जास्त कॉम्प्रेशनवर टर्बोचा दाब इंजिनाला झेपत नाही. त्यामुळे बिनटर्बोच्या गाडीवर नंतर टर्बो चढवायचा बेत असेल तर सरळ ती विका आणि ट्विन टर्बो शोधा. मॅन्युअलमध्ये 300 हॉर्सपॉवर कंपनीनेच दिलेत.

ट्विन टर्बो हाती आली की शेजारच्या सीटपुढचं, पायाखालचं कार्पेट उचला. तिथे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहे आणि त्यावर एक बारीक लाल दिवा. डायग्नोस्टिक मोडमध्ये तो मिचकावतो ते मोजा. पाच लांब, पाच छोटे म्हणजे 55, सगळं ठीक. 34 आला तर नॉक सेन्सरची (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोक, म्हणजे नॉक, ओळखणारा सेन्सर) तक्रार, आणि तिथेच बऱ्याच गाड्यांची गोम असते. नॉक सेन्सरवर भरवसा नसला की ईसीयू बूस्ट मुद्दाम कमी ठेवतो. मालकाला वाटतं टर्बो थकले, आणि तो बूस्ट कंट्रोलर मागवतो! म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयूने जे बंद केलं, ते आपण मागच्या दाराने चालू करायचं.

हा सेन्सर आहे कुठे, तर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खोबणीत, इनटेकच्या खाली. तिथवर जायला वरचा प्लेनम (सिलिंडरना हवा वाटणारा डबा) काढावा लागतो, आणि तुमचं सगळं वेळापत्रक या प्लेनमभोवती फिरतं. तो निघाला की पेट्रोल फवारणारे सहाही इंजेक्टर समोर येतात. मीटर लावून प्रत्येकाचा रेझिस्टन्स बघा: 10 ते 14 ओहम हवा. एखादा त्याबाहेर गेला तर एकटा बदलू नका, सगळा संच बदला. कनेक्टर तीस वर्षांच्या उष्णतेने पापडासारखे झालेले असतात, तेव्हा नवे पिगटेल (तारेचा तुकडा जोडलेले कनेक्टर) आधीच आणून ठेवा. कनेक्टरची तारेची क्लिप काढताना एक बोट तिच्यावर दाबून धरा, नाहीतर ती टुणकन उडते आणि नेमकी उघड्या इनटेक पोर्टच्या दिशेने जाते. म्हणून प्लेनम उचलल्या उचलल्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबायची, आणि किती कोंबली ते लिहून ठेवायचं. त्याच बैठकीत खालचे कूलंटचे आणि पीसीव्हीचे (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारे) होज, गॅस्केट आणि नॉक सेन्सरची छोटी वायरिंगही बदला.

मोठे इंजेक्टर घालायचे की नाही, हेही प्लेनम उघडण्याआधी ठरवा. मूळचे मिनिटाला 370 सीसी पेट्रोल सोडणारे आहेत. थोड्या वाढीव बूस्टला पुरतात. 555 घातले तर ईसीयूचं ट्यूनिंग त्याच दिवशी हवं, कारण ईसीयूमधल्या जुन्या मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यावर) गाडी पेट्रोल नुसतं ओतत राहील. प्लेनम उघडल्यावर बरेच जण ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी प्रदूषण-नियंत्रणाची व्यवस्था) काढून टाकतात. कॅलिफोर्नियात तसलं काही करू नका. इथे दर दोन वर्षांनी स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) चाचणी असते, तपासणारा बॉनेट उघडून बघतो, आणि इंजिनाच्या बदललेल्या पार्टवर कार्बचा (कॅलिफोर्नियाचं हवा-प्रदूषण मंडळ) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, मागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विषयच नको.

टायमिंग बेल्ट 60,000 मैलांचा. कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. वॉटर पंप आणि टेन्शनर सोबतच घ्या. मग कॉम्प्रेशन टेस्ट: सिलिंडर-सिलिंडरमधला फरक 14 पीएसआयच्या आत हवा. फरक त्याहून जास्त असेल तर पॉवरचं स्वप्न तूर्त गुंडाळा आणि इंजिनासाठी पैसे साठवा.

इथवर सगळं जमलं की मग मजा. ब्रेक फ्लुइड, चांगले पॅड, ताजे टायर (जुने टायर नवे दिसतात, त्यांच्यावरची तारीख वाचा). कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट. आकडे दाखवणारं वेगळं बूस्ट गेज आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर). यानंतर कंट्रोलर. मूळ बूस्ट 9 पीएसआयच्या आसपास. ट्यूनिंगसह 12 वर मी समाधानी आहे. इथल्या पंपावरचं प्रीमियम 91 ऑक्टेनचं, आणि ऑक्टेन कमी तितकी नॉकची भीती जास्त. 93 मिळणाऱ्या राज्यातला कुणी 15 सांगत असेल तर तो आकडा त्याच्यापाशीच राहू द्या.

टर्बो सगळ्यात शेवटी. ते दोन्ही बाजूंना असे दडपून बसवलेत की बदलायचे तर इंजिन बाहेर काढणंच सोपं. म्हणून धूर येत नसेल तर त्यांना हात लावू नका. येत असेल तर टर्बो, त्यांचे तेल-पाण्याचे पाइप, क्लच, मागचा मेन सील आणि इंजिन माउंट यांची एकच यादी करा, आणि शेवटचा पार्ट घरी पोचल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नका.