सहीचं टेबल आणि फाशांचं टेबल

विकत घेतलेल्या पुस्तकावर ‘सप्रेम भेट’ लिहायचं नसतं. माझी पहिली कादंबरी आली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाईघाईत मी दहा-बारा प्रतींवर तेच लिहीत गेले. परतूरहून आलेले एक निवृत्त गुरुजी चष्मा सावरत म्हणाले, “बाई, हे मी पैसे देऊन घेतलंय. भेट कशी?” मला तिथंच लाज वाटली. खिशातून अडीचशे रुपये काढून एखादा माणूस अनोळखी लेखिकेची कादंबरी घेतो, त्याचा मान सहीत दिसायला हवा. तेव्हापासून मी वाचकाचं नाव, त्याचं गाव, तारीख आणि खाली सही एवढंच लिहिते. गाव लिहिलं की आपल्याकडची माणसं फार खुलतात. ‘आष्टी’ लिहिलं तर “परतूर तालुक्यातली लिहा, बीडची नको” असंही सांगतात.

मराठीत फॅन्टसी लिहायला निघालेली मुलं-मुली मला विचारतात, की पुस्तक आल्यावर लेखकाचा दिवस कसा जातो. त्यांच्यासाठी गेल्या महिन्यातला एक रविवार सांगते. जालन्याहून सकाळच्या एसटीनं संभाजीनगर, अकरा ते दोन औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात सह्या, आणि दुपारी चारपासून एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत टेबलटॉप गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ.

सामान थोडंच लागतं. पन्नास प्रतींचं खोकं, दोन पेनं, टीपकागद आणि एक कच्ची वही. आतलं पान मॅपलिथोचं, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदाचं असेल तर जेल पेन चालतं. गुळगुळीत आर्ट पेपरवर मात्र शाई वाळायला वेळ लागतो आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर सही उलटी उमटते. वही नावांसाठी. स्वप्निल की स्वप्नील, ऋतुजा की ऋतूजा, हे कानाला कळत नाही. वही पुढं सरकवायची आणि म्हणायचं, “तुम्ही लिहिता तसं लिहून दाखवा.” मी एकदा अंदाजानं लिहिलं, चुकलं, आणि ती प्रत बदलून द्यावी लागली. त्या मुलीचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

हिशेबाचं थोडक्यात सांगते. दुकानात प्रती ठेवताना चलन, म्हणजे माल दिल्याची लेखी नोंद करा. किती दिल्या, किती टक्के कमिशन, उरलेल्या कधी परत, हे तोंडी ठेवू नका. स्वतः पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि पानं सोळाच्या पटीत बसवा, छपाईचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, बहुधा सोळा पानांचा असतो. माझी कादंबरी २११ पानांची होत होती. तीन पानं कापली, २०८ वर आणली, १३ फर्म्यांत बसली.

टेबलावर बसल्यावर गोष्ट सांगत सुटू नका. मी आधी तेच करायची, आणि लोक मान हलवून निघून जायचे. आता मीच विचारते, “तुमच्या गावात बारव आहे का?” मराठवाड्यात हा प्रश्न वाया जात नाही. त्या रविवारी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गावच्या बारवेच्या पायऱ्या उतरताना मोजल्या तर एक आकडा येतो आणि चढताना एक कमी, असं त्यांची सासू सांगायची. “ती एक पायरी पाणी ठेवून घेतं,” आजी म्हणाल्या. मी त्यांची परवानगी घेऊन ते वाक्य त्याच कच्च्या वहीत लिहून घेतलं. तीन तासांत १९ प्रती गेल्या. मला त्या आकड्याचा आनंद आहेच, पण त्या पायरीचा जास्त आहे.

आता खेळाचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. एक जण प्रसंग सांगतो, त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर म्हणतात; बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून काय करणार ते सांगतात, आणि जमेल की नाही हे फासे ठरवतात. कवड्या टाकून सारीपाट खेळलेल्या घरातल्या माणसाला हे परकं वाटत नाही. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के. पंधरा किंवा वर हवं असेल तर वीसपैकी सहा आकडे कामाचे, म्हणजे ३० टक्के. पात्राच्या कौशल्यामुळं पडलेल्या आकड्यात तीनची भर घालायची असेल तर नऊ आकडे, ४५ टक्के. नव्या डीएमनं एवढं गणित डोक्यात ठेवलं तरी अवघड काम किती अवघड करायचं याचा अंदाज येतो.

त्या रविवारच्या खेळातल्या मोहिमेसाठी मी देवगिरीसारखा किल्ला घेतला होता. खडकात कोरलेला खंदक, पुढं अंधारी, म्हणजे वळणावळणाचा काळोखा भुयारी मार्ग, आणि त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडी पेटवून आत धूर कोंडायची सोय. खेळणाऱ्या पाच जणांना मी त्या अंधारीत अडकवलं. खालून धूर नव्हता, पण वरून येत होता, मशाल विझलेली. माझ्या मते सुटकेची एकच वाट होती, ती म्हणजे शेगडीपर्यंत धावत जाणं, आणि त्यासाठी सतरा पडायला हवे होते.

वैजापूरची एक मुलगी पहिल्यांदाच खेळत होती. तोवर गप्प होती. तिनं विचारलं, “ताई, इथं वटवाघळं हायेत का?”

खरी अंधारी पाहिलेल्या कुणालाही तो वास माहीत आहे. मी म्हटलं, हो, आहेत.

“मग ती धुरानं उडाली असतील ना. कुठं गेली?”

खोलीत कुणी बोलेना. वटवाघळं रोज बाहेर जातात म्हणजे कुठंतरी भोक आहे, आणि धूर झाल्यावर ती तिकडंच जाणार. माझ्या नकाशात ते भोक नव्हतं. मी फासा बाजूला ठेवला आणि म्हटलं, “पंखांचा आवाज डाव्या हाताला, वरच्या बाजूला जातोय.” इथं फासा टाकायला लावला असता तर चूक झाली असती. ज्यानं नीट विचार केला त्याला दैवाच्या हवाली करायचं नाही, हे मी डीएम म्हणून कसोशीनं पाळते.

त्याच किल्ल्याबद्दल आणखी एक सांगते, कारण फॅन्टसी लिहिणाऱ्यानं ते मनात ठेवावं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीला वेढा दिला, तेव्हा धान्य म्हणून घाईत आत घेतलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी हकीकत सांगतात. एवढी तटबंदी, एवढा खंदक, आणि घात कोठारात झाला. नवे लेखक भिंती, तलवारी, जादूचे नियम पानंच्या पानं लिहितात. कोठारात काय आहे ते लिहीत नाहीत. माझ्या टेबलावर प्रत्येक पात्राला शिदोरी आणि तेल मोजावं लागतं.

साडेआठला आवरलं. जालन्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी वही काढली. बारवेची पायरी आधीच लिहिलेली होती, तिच्याखाली लिहिलं : वटवाघळं कुठं गेली? दुसऱ्या कादंबरीचं सातवं प्रकरण तीन महिने अडून बसलं होतं. नायिका विहिरीत उतरते आणि तिला वर येता येत नाही, एवढ्यावर. बदनापूर येईपर्यंत दीड पान झालं.