रताळं पुरू नका, त्याचे वेल लावा

टोपलीत पडून राहिलेल्या रताळ्याला जांभळट कोंब फुटले की दोन गोष्टी होतात. काही जण ते फेकून देतात, तर काही जण बटाट्यासारखे तुकडे करून कुंडीत पुरतात. फेकायची गरज नाही. कोंब आलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं म्हणून तो खाऊ नये म्हणतात. रताळं त्या कुळातलं नाहीच. ते गारवेलीच्या आणि नाळीच्या भाजीच्या कुळातलं आहे, त्यामुळे त्याच्या कोवळ्या पानांचीही भाजी होते.

पुरायचंही नाही, कारण बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड आणि रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. अख्खं रताळं पुरलं की बरेचदा तेच जुनं रताळं जाडजूड आणि धागेदार होत जातं. वर वेलांचं रान माजतं आणि खाली खाण्याजोगं फारसं काही मिळत नाही. रताळ्याकडून फक्त वेल घ्यायचे आणि ते वेल लावायचे, शेतकरीही तेच करतात. बेणं म्हणजे वेलाचे छाट.

कधी सुरू करायचं?

उपवासाच्या दिवसापासून मागे मोजा. कोंब येऊन वाढायला महिना-सव्वा महिना आणि लावल्यापासून काढणीपर्यंत साधारण 100 ते 120 दिवस लागतात. महाशिवरात्रीला घरची रताळी हवी असतील तर गणपतीत रताळं कोंबायला ठेवा आणि दसऱ्याच्या आसपास वेल लावा. माघाच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी होते आणि मुरायलाही दोन आठवडे मिळतात. घरासाठी हाच हंगाम मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि ऊन चांगलं असतं. पावसाळ्यातही लागवड होते, पण कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या सरींत कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

कोंब काढणं

बाजारातून मध्यम आकाराची, घट्ट, साल न सोललेली दोन-तीन रताळी निवडून आणा. सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ते रताळं घेऊ नका. ती सोंड्या भुंग्याची खूण असते आणि या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू तोच. नारिंगी गराचं रताळं मिळालं तर जरूर घ्या, त्यात बीटा कॅरोटीन भरपूर असतं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ ही अशीच जात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ही प्रसिद्ध आहे. यातलं काही न मिळाल्यास भाजीवाल्याकडची साधी लाल सालीची रताळी चालतात.

काड्या टोचून पाण्याच्या ग्लासात उभं ठेवलेलं रताळं शोभेला छान दिसतं आणि मुलांना दाखवायलाही बरं. पण कोंब रडतखडत येतात आणि पाणी बदललं नाही तर वास सुटतो. त्यापेक्षा पसरट ट्रेमध्ये किंवा जुन्या टबमध्ये ओली वाळू किंवा कोकोपीट भरा. त्यात रताळी आडवी ठेवून निम्मी झाका. ट्रे उबदार जागी ठेवा, सुरुवातीला उन्हाची गरज नाही. वाळू ओलसर असावी, चिखल नको. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. देठाकडच्या टोकाला ते जास्त फुटतात. कोंब वर आले की ट्रे उजेडात आणा, नाहीतर ते पांढरे आणि लुकडे होतात.

कोंब 20 ते 25 सेंटिमीटर झाले की कापायचे. हाताने उपटून काढू नका. वाळूच्या दोन बोटं वर स्वच्छ कात्रीने कापा, म्हणजे जुन्या रताळ्यातला रोग नव्या रोपाबरोबर येत नाही. राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा कोंब येतात. कापलेले वेल पानांसकट दोन दिवस सावलीत ठेवून लावले तर मुळं चांगली धरतात. जरा कोमेजले तरी घाबरू नका.

माती आणि लावणी

रताळ्याला भुसभुशीत माती लागते. काळ्या चिकट मातीत ती वेडीवाकडी होतात, शिवाय त्या मातीला भेगा पडतात आणि भेगांतून भुंगा आत शिरतो. 18 इंच खोल आणि तितक्याच रुंद पिशवीत निम्मी पोयटा माती, उरलेल्यात कोकोपीट किंवा भाताचं तूस आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. खाली भोकं हवीतच. अशा पिशवीत दोन, फार तर तीन वेल लावा. अंगणात जागा असेल तर 60 सेंटिमीटर अंतरावर वरंबे करून त्यांवर 20 ते 30 सेंटिमीटरवर एकेक वेल लावा.

वेल तिरपा ठेवून खालची दोन-तीन पेरं मातीत जातील असं लावा, शेंडा वर राहू द्या. लावणी संध्याकाळी करा. पहिले आठ-दहा दिवस रोज थोडं पाणी द्या. दिवसाला सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. उत्तरेकडच्या अंधाऱ्या बाल्कनीत वेल वाढेल, रताळी धरणार नाहीत.

पुढचे महिने

इथे हात आखडता घ्यायचा असतो. युरिया, पेंडेचं पाणी किंवा दर आठवड्याला शेणखत असे लाड केले की वेल हिरवागार होतो आणि खाली काहीच नसतं. रताळ्याला नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त लागतं. लावणीनंतर महिन्याने मूठभर लाकडाची राख मातीत मिसळली तरी पुरते.

पसरलेला वेल जिथे मातीला टेकतो तिथे पेरांतून मुळं सोडतो आणि ताकद वाटली जाते. म्हणून अधूनमधून वेल उचलून पालटायचे. महिन्याभराने आणि पुन्हा दोन महिन्यांनी बुंध्याशी मातीची भर द्या, रताळी उघडी पडू देऊ नका. माती पार सुकून तडकू देऊ नका. भुंग्याविरुद्ध घरच्या घरी करता येण्यासारखा सर्वांत चांगला उपाय हाच आहे.

काढणी

पानं पिवळी पडू लागली की बाजूची माती हलकेच उकरून एक रताळं काढा आणि आडवं कापा. कापलेला भाग स्वच्छ वाळला तर पीक तयार आहे. चीक येऊन तो काळपट-हिरवट झाला तर आणखी थोडे दिवस थांबा. काढणीआधी आठवडाभर पाणी तोडा. खणताना खुरपं लांबून घाला, साल फार नाजूक असते. एका पिशवीतून किलोभर निघाली तरी उत्तम.

काढलेली रताळी लगेच धुऊ नका आणि त्याच दिवशी शिजवूही नका, तेव्हा ती फिकी लागतात. माती झटकून त्यांना उबदार, दमट सावलीत पाच-सात दिवस ठेवा. खरचटलेली साल भरून येते. मग गोणपाटावर मोकळ्या हवेत ठेवा. दोन आठवड्यांत पिठूळपणा कमी होऊन गोडी येते. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने आतला भाग कडक होतो. भाजायचं तर मंद आचेवर सावकाश भाजा, कारण पिष्टाची साखर होण्याचं काम हळू तापतानाच होतं. भुंगा लागलेलं रताळं कडू असतं, त्याला उग्र वास येतो. चांगला भाग कापून घेण्याच्या मोहात न पडता ते टाकून द्या, गुरांनाही घालू नका.

काढणीच्या वेळी शेंड्याकडचे निरोगी वेल वीतभर कापून दुसऱ्या पिशवीत लावले की पुढचं बेणं घरचंच होतं. त्याच मातीत लगेच पुन्हा रताळी लावू नका, तिथे मेथी किंवा चवळी घ्या. आणि दोन-तीन हंगामांनी बेणं बदला, कारण जुन्या वेलांत विषाणू साठत जातात आणि रताळी बारीक होऊ लागतात.