अ‍ॅफिडेव्हिट करताना या चुका टाळा

अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. पहिली चूक उच्चारातली. "वकीलसाहेब, एक अ‍ॅफिडेव्हिड करून द्या ना." या शब्दात डेव्हिड नावाचं कुणी नाही, शेवटी 'ट' आहे आणि तो बिनकामाचा नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये अ‍ॅफिडेव्हिट हे अख्खं क्रियापद होतं: 'त्याने किंवा तिने शपथेवर सांगितलं आहे'. यातला कर्ता त्या 'ट'मध्ये दडलेला. मुळाशी 'फिदेस', म्हणजे विश्वास. शाळेतून आणतो त्या 'बोनाफाईड'मधलं 'फाईड'ही तेच.

हा अर्थ डोक्यात ठेवला की बऱ्याच चुका आपोआप टळतात. 'सांगितलं आहे', पण कुणासमोर? घरी सही करून कागद मुलाच्या हाती नोटरीकडे पाठवणारे रोज भेटतात. अहो, शपथ मुलगा घेणार का? सही अधिकाऱ्यासमोरच करायची.

'यापुढे वेळेवर भाडे देईन' हेही लोक यात घालतात. ते हमीपत्र. इथे घडलेलं, असलेलं सांगायचं, आणि तेही स्वतःला ठाऊक असलेलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १९, नियम ३ तेच सांगतो. ऐकीव गोष्ट फक्त अंतरिम अर्जांत, म्हणजे दावा चालू असताना मधल्या आदेशासाठी केलेल्या अर्जांत चालते, तीही विश्वास कशावरून ते लिहून.

परवा एक आजी आल्या. रेशनकार्डावर सुनंदा, सातबाऱ्यावर सुनंदाबाई. टायपिस्टने जुन्याच मसुद्यावर नाव बदललं, पण खाली 'लिहून देतो की' तसंच राहिलं. सत्यापनात, म्हणजे 'वरील मजकूर खरा आहे' असं शेवटी लिहितात त्यात, वयही आधीच्या माणसाचं, चौतीस! आजी हसल्या, पण तहसीलमध्ये कुणी हसलं नसतं. छापील मसुदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, रिकामी जागा सोडू नका.

स्टॅम्पपेपर म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट नव्हे. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी रांगेत उभं राहून पेपर विकत घेणारे आहेतच. काही कामांना तर साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. खिडकीवर आधी विचारा.

आणि "मारून टाका एक अ‍ॅफिडेव्हिट" म्हणणाऱ्यांसाठी: शपथेवरचं खोटं न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत, इतरत्र तीन वर्षांपर्यंत कैदेचं. भारतीय न्याय संहिता, कलम २२९.